जुन्या चित्रपटांचा सातबारा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘कॅसाब्लांका’ हा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. १९४२ सालचा, हम्फ्रे बोगार्ट आणि इन्ग्रिड बर्गमन यांचा. चित्रपट सुरू झाला की पडद्यावर वॉर्नर ब्रदर्सची ढाल दिसते. पण नव्वदच्या दशकात ज्यांनी त्याची व्हिडिओ कॅसेट हाताळली असेल, त्यांना वेष्टनावर एमजीएमचे नाव दिसले असेल. एमजीएम म्हणजे वॉर्नरची हाडाची प्रतिस्पर्धी. एकाच्या घरचे मूल दुसऱ्याच्या आडनावाने वावरावे, असा हा प्रकार. हे कसे झाले?

वरवर पाहता हा क्षुल्लक प्रश्न वाटेल. पण एखादा जुना, गाजलेला चित्रपट आपल्याला घरी पाहायला का मिळतो आणि दुसरा तितकाच चांगला चित्रपट वर्षानुवर्षे का मिळत नाही, याचे उत्तर याच प्रश्नात दडलेले आहे. मी अनेक वर्षे जुन्या चित्रपटांच्या कॅसेट आणि डिस्क जमवतो. फिल्म सोसायटीतले तरुण मित्र मला नेहमी विचारतात, ‘अमुक चित्रपट बाजारात का नाही हो? कोणाला नको असतो का?’ नको असतो असे नाही. बहुतेक वेळा घोडे अडलेले असते ते हक्कांपाशी.

चित्रपट ही एक वस्तू आहे असे आपण समजतो. कायद्याच्या दृष्टीने ती वडिलोपार्जित जमिनीसारखी आहे. मालक एक, कसणारा दुसरा, विहिरीच्या पाण्यात तिसऱ्याचा वाटा आणि बांधावरच्या आंब्यावर चौथ्याचा दावा. सातबारा उतारा काढल्याशिवाय कोण कुठे उभा आहे, हे कळत नाही. आज आपण काही चित्रपटांचा असा सातबारा काढून पाहू.

‘कॅसाब्लांका’पासूनच सुरुवात करू. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत घरोघरी दूरचित्रवाणी आली आणि चित्रपटगृहे ओस पडू लागली. स्टुडिओंना पैशाची निकड होती आणि जुने चित्रपट त्यांना अडगळ वाटत होते. एकदा थिएटरातून उतरला की चित्रपटाची कमाई संपली, असाच तेव्हाचा हिशेब होता. १९५६ साली वॉर्नरने १९५० पूर्वीचे आपले चित्रपट असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्स या कंपनीला २ कोटी १० लाख डॉलरना विकून टाकले. दूरचित्रवाणीवर दाखवण्यासाठी ते तिला हवे होते. त्यात ‘कॅसाब्लांका’ही गेला. १९५८ साली ती कंपनी युनायटेड आर्टिस्ट्सने घेतली. १९८१ साली एमजीएमने युनायटेड आर्टिस्ट्सच विकत घेतली. १९८६ साली टेड टर्नर या वाहिन्यांच्या मालकाने एमजीएम घेतली. कर्जाचा डोंगर झाल्यावर काही महिन्यांतच त्याने कंपनीचा बराचसा भाग परत विकला, पण जुन्या चित्रपटांचा साठा मात्र स्वतःकडे ठेवला. त्यात ‘गॉन विथ द विंड’ होता, ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ होता आणि वॉर्नरचा ‘कॅसाब्लांका’ही होता. पुढे १९९६ साली टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली. चाळीस वर्षे भ्रमंती करून ‘कॅसाब्लांका’ आपल्या घरी परतला.

गंमत अशी की, घरी परतला तरी त्याच्या कॅसेट मात्र एमजीएमच काढत होती. मालकी टर्नरकडे असली तरी घरगुती व्हिडिओ वितरणाचे हक्क करारान्वये एमजीएमकडे होते. ते १९९९ साली वॉर्नरकडे आले. मालकी आणि वितरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणातून ध्यानात येते. चित्रपट ज्याचा असेल त्यालाच त्याची डिस्क काढता येईल, असे नाही. २०२२ साली ॲमेझॉनने एमजीएम विकत घेतली, तेव्हा तिचा सिंह ॲमेझॉनला मिळाला, पण त्या सिंहाचे वैभव ज्यांनी उभे केले ते जुने चित्रपट मिळाले नाहीत. ते केव्हाच दुसऱ्याच्या नावावर चढले होते.

पॅरामाउंटचीही गत हीच. १९५८ साली तिने १९५० पूर्वीचे आपले सुमारे सातशे बोलपट एमसीए या कंपनीला विकले. एमसीएने पुढे युनिव्हर्सल स्टुडिओ ताब्यात घेतला. म्हणून बिली वाइल्डरचा १९४४ सालचा ‘डबल इन्डेम्निटी’ सुरू होताना पॅरामाउंटचा डोंगर दिसतो, पण डिस्क निघते ती युनिव्हर्सलकडून.

आता एकाच दिग्दर्शकाचे उदाहरण घेऊ. आल्फ्रेड हिचकॉकचे सगळे चित्रपट एका संचात का मिळत नाहीत? कारण ते एका घरात नाहीत. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ एमजीएमने काढलेला, तो टर्नरमार्गे वॉर्नरकडे गेला. ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ आणि ‘डायल एम फॉर मर्डर’ मूळचे वॉर्नरचे. ‘टू कॅच अ थीफ’ पॅरामाउंटकडे राहिला. ‘लाइफबोट’ फॉक्सचा. ‘रिबेका’ आणि ‘नटोरियस’ हे निर्माता डेव्हिड सेल्झनिक याच्या पेढीतून निघालेले. ते पुढे एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीकडे गेले आणि १९९६ साली एबीसी डिस्नेने घेतल्यामुळे हिचकॉकचे हे चित्रपट मिकी माउसच्या घरात जाऊन बसले!

उरलेल्यांतले पाच चित्रपट तर खुद्द हिचकॉककडे होते. ‘रिअर विंडो’, ‘व्हर्टिगो’, ‘द ट्रबल विथ हॅरी’, ‘द मॅन हू न्यू टू मच’ आणि ‘रोप’. हा माणूस व्यवहारात मोठा चतुर. पॅरामाउंटशी करार करतानाच त्याने अट घातली होती की, ठरावीक वर्षांनी चित्रपटांचे हक्क आपल्याकडे परत यावेत. ते आले, आणि त्याने ते चित्रपट चलनातून काढून घेतले. सत्तरच्या दशकापासून जवळजवळ दहा वर्षे ‘व्हर्टिगो’सारखा चित्रपट रीतसर पाहायला मिळणे दुरापास्त झाले होते. त्या काळात लोक त्यांना ‘हरवलेले हिचकॉक’ म्हणत. रिळे कुठेही हरवली नव्हती, हरवला होता तो फक्त दाखवण्याचा परवाना. १९८० साली हिचकॉक वारला. त्यानंतर त्याच्या वारसांकडून युनिव्हर्सलने हक्क घेतले आणि १९८३ पासून हे चित्रपट पुन्हा थिएटरात, मग कॅसेटवर आले. २०१२ साली युनिव्हर्सलने हिचकॉकच्या पंधरा चित्रपटांचा ब्लू-रे संच काढला, तेव्हा त्यात ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ घालण्यासाठी वॉर्नरशी बोलणी करावी लागली. आणि तरीही त्या संचात ‘रिबेका’ नव्हता, ‘नटोरियस’ही नव्हता.

मालक कोण, हे ठरल्यावरही काम संपत नाही. मालकाने जुन्या करारात कोणकोणते हक्क मिळवले होते, हा पुढचा प्रश्न. घरगुती व्हिडिओ हा प्रकार बाजारात आला तो सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात. सोनीचे बीटामॅक्स १९७५ चे, व्हीएचएस १९७६ चे. १९७७ साली आंद्रे ब्ले या उद्योजकाने फॉक्सकडून पन्नास चित्रपटांचा परवाना घेऊन कॅसेट विकायला सुरुवात केली. त्याआधीच्या करारांत ‘कॅसेट’ हा शब्द असणार कुठून? मग अशा करारांचा अर्थ काय लावायचा? अमेरिकेतल्या न्यायालयांपुढे हा प्रश्न वारंवार आला आणि उत्तरे निरनिराळी मिळाली.

१९६९ सालच्या ‘मीडियम कूल’ या चित्रपटात एक गाणे वापरले होते. करारात चित्रपटगृह आणि दूरचित्रवाणी यांचा उल्लेख होता. पॅरामाउंटने कॅसेट काढली तेव्हा गाण्याचा मालक न्यायालयात गेला. १९८८ साली न्यायालयाने सांगितले की, दूरचित्रवाणीचा परवाना म्हणजे कॅसेटचा परवाना नव्हे. म्हणजे गाणाऱ्याची बाजू जिंकली. याउलट ‘फँटेशिया’चे. त्यात स्ट्राविन्स्कीची रचना वापरण्याचा परवाना डिस्नेने १९३९ साली घेतला होता. १९९१ साली कॅसेट निघाली, दावा झाला आणि १९९८ साली न्यायालयाने म्हटले की, कराराची भाषाच एवढी व्यापक आहे की त्यात व्हिडिओ बसतो. म्हणजे स्टुडिओ जिंकला. दोन्ही ठिकाणी वस्तू तीच, कॅसेट. फरक पडला तो जुन्या कागदावरच्या दोन ओळींनी.

तिसरे उदाहरण गायिका पेगी ली हिचे. ‘लेडी अँड द ट्रॅम्प’ या १९५५ सालच्या व्यंगपटासाठी तिने गाणी रचली, गायली, काही पात्रांना आवाजही दिला. १९५२ सालच्या तिच्या करारात एक कलम होते. लोकांना विकण्यासाठी ध्वनिमुद्रणे काढायची तर तिची संमती हवी. डिस्नेने १९८७ साली कॅसेट विकल्या. तिने दावा लावला आणि १९९१ साली न्यायालयाने तिला सुमारे २३ लाख डॉलर देवविले. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी एका शहाण्या माणसाने घालून ठेवलेले कलम असे म्हातारपणी कामी आले.

या निकालांनंतर स्टुडिओंचे वकील जास्तच जपून पावले टाकू लागले. एखाद्या जुन्या चित्रपटातले एक गाणे जरी संशयास्पद असले, तरी ते डिस्क काढण्याचे टाळतात, किंवा ते गाणे बदलून दुसरे घालतात. हौशी प्रेक्षकाला मग भलताच अनुभव येतो. चित्रपट तोच, प्रसंग तोच, पण मागचे गाणे निराळे. चार्ल्स बर्नेट या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा ‘किलर ऑफ शीप’ हा सत्तरच्या दशकातला अप्रतिम चित्रपट. विद्यार्थिदशेत, तुटपुंज्या पैशांत केलेला. त्यातल्या गाण्यांचे हक्क घेतलेलेच नव्हते, म्हणून तो तीस वर्षे थिएटरात रीतसर लागू शकला नाही. अमेरिकेने १९९० साली त्याची गणना जतन करण्याजोग्या राष्ट्रीय चित्रपटांत केली, तरी सर्वसामान्य प्रेक्षकाला तो दिसत नव्हता. संगीताच्या हक्कांसाठी दीड लाख डॉलर मोजल्यावर २००७ साली तो प्रदर्शित झाला आणि मग त्याची डीव्हीडी आली.

संगीताची जी गोष्ट, तीच कथेची. ‘रिअर विंडो’ कॉर्नेल वुलरिच याच्या १९४२ सालच्या एका कथेवर बेतलेला. त्या काळी अमेरिकेत स्वामित्वहक्काची मुदत अठ्ठावीस वर्षांची होती, नंतर नूतनीकरण करावे लागे. वुलरिच १९६८ साली, नूतनीकरणाची वेळ येण्याआधीच वारला. शेल्डन अबेंड नावाच्या गृहस्थाने ते नूतनीकरणाचे हक्क ६५० डॉलर आणि पुढच्या उत्पन्नातला वाटा या बोलीवर घेतले. चित्रपट पुन्हा झळकला तेव्हा त्याने दावा लावला. १९९० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. चित्रपट जिवंत असला तरी त्याच्या पोटातल्या कथेचा हक्क वेगळा जिवंत असतो, असा त्याचा अर्थ.

या निकालाचा फायदा एका दुसऱ्याच चित्रपटाला झाला. फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ १९४६ सालचा. १९७४ साली त्याच्या हक्काचे नूतनीकरण करायचे राहून गेले आणि चित्रपट सार्वजनिक झाला. मग काय, प्रत्येक वाहिनी तो नाताळात फुकट दाखवू लागली, जो तो कॅसेट काढू लागला. प्रदर्शित झाला तेव्हा फारसा न चाललेला हा चित्रपट अमेरिकेत घरोघरी पोहोचला तो या विसरभोळेपणामुळे! १९९३ साली रिपब्लिक पिक्चर्सने मूळ कथेच्या आणि संगीताच्या हक्कांचा आधार घेऊन, ‘रिअर विंडो’च्या निकालाचे बोट धरून, ही खिरापत बंद केली.

म्हणजे हक्क नसणे हेच बरे, असे कोणी म्हणेल. पण त्यालाही दुसरी बाजू आहे. कॅरी ग्रँट आणि ऑड्री हेपबर्न यांचा ‘शराड’ १९६३ सालचा. पडद्यावर स्वामित्वहक्काची सूचना नियमानुसार द्यायची राहिली आणि तो प्रदर्शित होताक्षणी सार्वजनिक झाला. परिणाम काय? पुढे बाजारात त्याच्या स्वस्त प्रतींचा सुळसुळाट झाला. अंधूक, रंग उडालेल्या, खरखरत्या. जे सगळ्यांचे, ते कोणाचेच नाही. मूळ निगेटिव्हवरून नवी प्रत काढायला, ती स्वच्छ करायला पैसा लागतो. दुसऱ्याच दिवशी कोणीही तिची नक्कल करणार असेल, तर तो पैसा कोण घालणार? निगेटिव्ह मात्र मूळ स्टुडिओच्या तिजोरीतच असते. हक्क सुटले म्हणून किल्ली मिळत नाही.

बाजारातली डिस्क अचानक गायब होते, तीही याच कारणाने. क्रायटेरिअन ही न्यूयॉर्कची कंपनी १९८४ सालापासून जगभरचे उत्तम चित्रपट निगुतीने काढते. पण यातले बहुतेक चित्रपट तिच्या मालकीचे नाहीत. ती कूळ आहे, जमीनदार नव्हे. परवाना काही वर्षांचा असतो. २०१० साली स्टुडिओकनाल या फ्रेंच कंपनीने आपले अनेक चित्रपट क्रायटेरिअनकडून काढून लायन्सगेटला दिले. ‘द थर्ड मॅन’ गेला. झाँ रन्वारचा ‘ग्रँड इल्युजन’ गेला, जो क्रायटेरिअनच्या डीव्हीडी मालिकेतला क्रमांक एक होता. कुरोसावाच्या ‘रान’ची ब्लू-रे काढायचे जाहीर झाले होते, तेही रद्द झाले. याउलट ‘रिबेका’ २०१७ मध्ये आणि ‘नटोरियस’ २०१९ मध्ये क्रायटेरिअनकडे परत आले. ज्याने वेळेवर घेतले त्याच्या कपाटात राहिले, बाकीच्यांनी वाट पाहायची.

यात प्रदेशांची वाटणी आणखी वेगळी. ‘द थर्ड मॅन’चे निर्माते दोन, इंग्लंडचा कोर्डा आणि अमेरिकेचा सेल्झनिक. दोघांनी जग वाटून घेतले. अमेरिकेतली प्रत अकरा मिनिटांनी लहान, तिच्या सुरुवातीचे निवेदनही निराळे. डिस्कवर येणारे विभागाचे कुलूप ही याच वाटणीची यांत्रिक आवृत्ती. डीव्हीडीसाठी जगाचे सहा मुख्य विभाग केले. अमेरिका पहिल्यात, युरोप आणि जपान दुसऱ्यात, भारत पाचव्यात. माझ्या भाच्याने अमेरिकेहून हौसेने आणलेली डिस्क आमच्या घरच्या प्लेअरने सपशेल नाकारली, तेव्हा हा भूगोल मला नीट समजला. पैसे मोजून घेतलेली, अस्सल, पण आपल्या अंगणात न चालणारी.

आता आपल्याकडे वळू. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे असतो. पूर्वी तो पन्नास होता, १९९२ च्या दुरुस्तीने साठ झाला. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ १९५३ सालचा, म्हणजे चित्रपटावरचा हक्क २०१३ अखेर संपला. साने गुरुजी १९५० साली गेले. लेखकाचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षे, म्हणून मूळ पुस्तक २०१० अखेर मोकळे झाले. पण संगीतकार वसंत देसाई १९७५ साली गेले. त्यांच्या संगीताची मुदत २०३५ अखेरपर्यंत आहे. एकाच चित्रपटाच्या उताऱ्यावर किती नोंदी असतात ते पाहा.

आणि जुन्या करारांत नवे माध्यम बसते का, या प्रश्नाचे उत्तर आपल्या संसदेने २०१२ च्या दुरुस्तीत दिले. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, ते करारात नाव घेऊन लिहिलेले नसेल तर त्याचे हक्क दिले असे मानू नये. शिवाय हक्क देताना मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षेच धरावी, असे कायदा सांगतो. चित्रपटसृष्टीतल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

हे सांगण्याचे कारण असे. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने ठोक भावाने हक्क विकत घेऊन २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली. मराठी चित्रपटही त्यात होते. खेडोपाडी लोकांनी ते पाहिले. त्या कंपनीचे २०१८ साली दिवाळे निघाले. अशा वेळी तिच्याकडे गेलेल्या हक्कांचे पुढे काय, हे फक्त मूळ करारच सांगू शकतो. आणि आपल्याकडचे करार कुठे असतात? निर्मात्याच्या माळ्यावरच्या ट्रंकेत, फायनान्सरच्या मुनिमाकडे, किंवा कुठेच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने असंख्य रिळे सांभाळली, २००३ सालच्या आगीत काही गमावलीही. पण रिळे सांभाळणाऱ्याला ती डिस्कवर काढून विकण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. तो अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे बहुधा चांगली प्रत नसते. एकाकडे कुलूप, दुसऱ्याकडे किल्ली, आणि दोघांची गाठ पडत नाही.

अमेरिकेत निदान कोणी ना कोणी हिशेब ठेवला. वॉर्नरने २००९ साली मागणी येईल तशी एकेक डिस्क करून देण्याची योजना काढली, त्यामुळे हजारभर प्रतीही खपणार नाहीत असे चित्रपट बाहेर आले. तिथले खटले पाहून कंटाळा येईल, पण खटला होतो याचा अर्थ कागद शिल्लक आहे. आपल्याकडे भांडायलाही कागद नसतो.

डिस्कचा जमाना आता ओसरला आहे. टपालाने डीव्हीडी पाठवून मोठी झालेली नेटफ्लिक्स, तिनेही ती सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. पण हक्कांचा गुंता काही डिस्कबरोबर गेला नाही. वाहिनीवर किंवा इंटरनेटवर आज दिसणारा चित्रपट परवान्याची मुदत संपताच उद्या दिसेनासा होतो, आणि आपल्या हाती वेष्टनही उरत नाही. डिस्क निदान कपाटात राहत असे.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. आपल्याला जिवाभावाचा वाटणारा जुना चित्रपट डिस्कवर मिळत असेल तर तो घ्या, उद्यावर टाकू नका. आणि आपल्या घरात, नात्यात कोणी चित्रपट काढला असेल, गाणी लिहिली असतील, चाली दिल्या असतील, तर ती जुनी ट्रंक एकदा उघडा. पिवळे पडलेले करार, पावत्या, पत्रे रद्दीत घालू नका. त्यांची नक्कल करा, तारीखवार लावून ठेवा, वारसांची नावे लिहून ठेवा. रीळ जळले तर ते दिसते, हळहळ होते, बातमी होते. कागद हरवल्याचे मात्र कोणाला कळतही नाही, आणि धडधाकट रिळातला चित्रपट तेवढ्या एका कारणाने अंधारात पडून राहतो.